जिवाणू पारा ‘खातात’ म्हणजे नेमके काय करतात?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातील एक कात्रण वर्गात आणले. ‘पारा खाणारे जिवाणू खाडी स्वच्छ करणार’ अशा अर्थाचा त्याचा मथळा होता. त्यावर त्याने विचारलेल्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही आणि तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. तेल किंवा साखर जिवाणू खातात हे समजते, कारण त्यातील कार्बनचे बंध तोडून त्यांना ऊर्जा मिळते. पारा मात्र मूलद्रव्य आहे आणि कोणत्याही सजीवाला मूलद्रव्य मोडून टाकता येत नाही. मग हे जिवाणू पाऱ्याचे काय करतात आणि तो शेवटी जातो कोठे?

‘मेर’ नावाचा जनुकसमूह यामागे आहे एवढे मी वाचले. परंतु त्यातील काही प्रथिने पारा पेशीच्या बाहेर थोपवण्याऐवजी आत ओढून घेतात असेही त्यात होते, आणि तेथे माझा गोंधळ वाढला. जे विष आहे ते घरात का घ्यावे? जाणकारांनी थोडे सविस्तर लिहिले तर मला ते मुलांपर्यंत नीट पोहोचवता येईल.

पेशीपटल

नमस्कार ताई. आपल्या विद्यार्थ्याने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. ‘खाणे’ हा शब्द येथे चुकीचाच आहे. पाऱ्यापासून या जिवाणूंना ऊर्जा मिळत नाही, अन्नही मिळत नाही. पाऱ्याचे कोणत्याही सजीवात काही उपयुक्त काम असल्याचे ज्ञात नाही. जिवाणू फक्त त्याचे रूप बदलतात. पाण्यात विरघळलेल्या, दोन धन प्रभार असलेल्या पाऱ्याच्या आयनाला ते दोन इलेक्ट्रॉन देतात आणि त्याचा साधा धातुरूप पारा करतात. हा धातुरूप पारा पाण्यात फार थोडा विरघळतो, 25 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 60 मायक्रोग्रॅम इतकाच, आणि नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ होत राहते. प्रभार नसल्यामुळे तो पेशीपटलातून सहज पार होतो आणि पाण्यातून हवेत निघून जातो. पेशीची त्याच्यापासून सुटका झालेली असते, पण पाऱ्याचा एकही अणू नष्ट झालेला नसतो.

आता ‘विष घरात का घ्यावे’ याकडे वळतो. त्यासाठी पारा विषारी का आहे तेथून सुरुवात करावी लागेल. आपल्याकडे रसशास्त्रात पारा आणि गंधक एकत्र खलून काळी कज्जली करतात. त्या दोघांची एकमेकांबद्दलची रासायनिक ओढ इतकी प्रबळ आहे की नुसत्या खलण्याने ती जुळतात. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल असते आणि त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. पाऱ्याचा आयन पेशीत शिरला की तो दिसेल त्या सिस्टीनच्या गंधकाला घट्ट धरतो, प्रथिनाचा आकार बिघडतो आणि अनेक विकरे (एन्झाइमे) एकाच वेळी बंद पडतात. एखाद्याच ठिकाणी घाव बसला असता तर पेशीने काही पर्याय शोधलाही असता, पण येथे सगळीकडेच घाव बसतात.

हा आयन तसाही आत येतोच. क्लोराइडबरोबर त्याचे प्रभारहीन संयुग होते आणि ते पटलातून झिरपते. म्हणजे दार बंद ठेवण्याचा पर्याय जिवाणूला मुळातच नाही. दुसरे असे की पाऱ्याला द्यायचे इलेक्ट्रॉन एनएडीपीएच या रेणूकडून येतात आणि तो साठा पेशीद्रवात असतो, बाहेर नसतो. म्हणून जिवाणूने पाऱ्याला वाट करून दिली आहे, पण ती वाट पूर्णपणे त्याच्या ताब्यातली आहे.

ही व्यवस्था मला स्वतःला फार सुंदर वाटते, म्हणून थोडे लांबवतो. ग्राम-ऋण जिवाणूंमध्ये दोन पटलांच्या मधल्या जागेत मेर-पी नावाचे छोटे प्रथिन असते. ते आपल्या दोन सिस्टीनांच्या चिमटीत पाऱ्याचा आयन पकडते आणि आतल्या पटलातील मेर-टी या प्रथिनाकडे देते. मेर-टी आपल्या सिस्टीनांच्या एका जोडीवरून तो पलीकडे नेते आणि पेशीद्रवातील मेर-ए या मुख्य विकराकडे सोपवते. मेर-ए दोन सारख्या घटकांचे बनलेले असते. त्याच्या पुढच्या शेपटासारख्या भागात सिस्टीनांची एक जोडी असते, दुसऱ्या टोकाला दुसरी आणि क्रियास्थानी तिसरी. कोकणात घर शाकारताना माणसे जमिनीपासून आढ्यापर्यंत उभी राहून कौले हातोहात वर देतात, आणि एका हाताची पकड सुटण्यापूर्वी दुसऱ्या हाताने कौल धरलेले असते. पाऱ्याचा प्रवास अगदी तसाच होतो. तो या वाटेवर कोठेही मोकळा सुटत नाही, गंधकाच्या एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे जातो. शेवटच्या जोडीपाशी एफएडी या सहविकरामार्फत एनएडीपीएचचे इलेक्ट्रॉन त्याला मिळतात, आणि धातुरूप झालेल्या पाऱ्याला सिस्टीनमधील गंधकाची ती ओढ राहत नाही. जी ओढ पेशीला मारते तिचाच उपयोग पेशीने पाऱ्याला वाट दाखवण्यासाठी केला आहे, आणि मुलांना सांगताना मी तरी याच मुद्द्यावर थांबेन.

नियंत्रणाबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हा सगळा सरंजाम सतत तयार ठेवणे पेशीला परवडणारे नाही. मेर-आर हे प्रथिन डीएनएवर पहारा देत बसलेले असते. या जनुकसमूहाच्या आरंभस्थानातील दोन खुणांमध्ये नेहमीच्या 17 ऐवजी 19 आधारजोड्यांचे अंतर असते. त्यामुळे त्या खुणा एकमेकींशी नीट जुळत नाहीत आणि जनुकाची आरएनए-नक्कल काढणारे विकर, आरएनए पॉलिमरेझ, तेथे येऊन बसले तरी त्याला काम सुरू करता येत नाही. पाऱ्याचा आयन मेर-आरच्या तीन सिस्टीनांना चिकटला, की मेर-आर डीएनएचा पीळ किंचित सैल करते, दोन्ही खुणा एका रेषेत येतात आणि थांबून राहिलेले पॉलिमरेझ लगेच निघते. पारा नसताना अडवणारे आणि पारा येताच चालना देणारे प्रथिन एकच आहे. ते नॅनोमोलर म्हणजे अत्यल्प प्रमाणातील पाऱ्यालाही दाद देते. याच गुणामुळे मेर-आरला प्रकाश देणारी जनुके जोडून पाणी तपासण्याचे जैवसंवेदक तयार करण्यात आले आहेत.

अनंतमूळ

पेशीपटल यांनी रसायन उत्तम उलगडले आहे. मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तीस वर्षे काम केले, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो. वाचकांना पारा सोसण्याचा हा गुण कारखान्याच्या सांडपाण्यातील जिवाणूंचा वाटतो, पण तो प्रथम लक्षात आला तो रुग्णालयांमध्ये. आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात फडताळात एक लाल औषधाची बाटली असे आणि गुडघा फुटला की आई तेच लावत असे. ते मर्क्युरोक्रोम म्हणजे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग होते. रुग्णालयांतही पाऱ्याची जंतुनाशके सर्रास वापरात होती. 1960च्या सुमारास इंग्लंडमधील रुग्णालयांत पाऱ्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस आढळू लागले, आणि पुढे 1964 साली असे दिसले की पेनिसिलीन निकामी करणारे जनुक आणि पारा सोसण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे बरोबरीनेच जातात. दोन्ही एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, असल्याने असे घडत होते.

जपानमध्ये 1950च्या दशकात अतिसाराच्या शिगेला जिवाणूत सापडलेल्या एका प्रसिद्ध प्लाझ्मिडवरही हेच दिसते. त्यावर ‘टीएन 21’ नावाचा ट्रान्सपोझॉन आहे, म्हणजे जागा बदलू शकणारा डीएनएचा तुकडा. त्यात मेर जनुकांच्या शेजारीच सल्फा औषधांना आणि स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुके बसलेली आहेत. याचा व्यवहारातील अर्थ मला गंभीर वाटतो. पाऱ्याच्या सान्निध्यात ज्या जिवाणूंची निवड होते, त्यांच्याबरोबर प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकेही निवडली जातात, मग तेथे प्रतिजैविकाचा एक थेंबही पडलेला नसला तरी. अॅन समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली माकडांच्या दातांत पाऱ्याचे मिश्रण भरून हे तपासले. त्या माकडांच्या तोंडातील आणि आतड्यातील जिवाणूंमध्ये पारा सोसणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि त्यांतील बरेच जिवाणू प्रतिजैविकांनाही दाद देईनासे झाले होते. त्यामुळे पारारोधक जिवाणू सापडल्याची बातमी आली की मला तरी निखळ आनंद होत नाही.

मात्र हे सगळे माणसाने निर्माण केले असा समज होऊ नये. सायबेरियातील हजारो वर्षे गोठलेल्या जमिनीतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंमध्येही मेर जनुकांचे ट्रान्सपोझॉन मिळाले आहेत. ज्वालामुखी आणि समुद्रतळावरील उष्ण झरे यांतून पारा पृथ्वीवर नेहमीच येत राहिला आहे. हत्यार फार जुने आहे, आपण त्याचा प्रसार तेवढा वाढवला.

भरतीओहोटी

मी गोव्यात असतो आणि किनाऱ्यावरील पाण्याच्या प्रदूषणाशी माझा कामानिमित्त संबंध येतो. ताईंच्या प्रश्नातील ‘खाडी स्वच्छ करणार’ या भागाबद्दल लिहितो, कारण तेथे आशा आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर आहे.

दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारताच्या किनाऱ्यावरील पाण्यात 10 पीपीएम (दशलक्षात दहा भाग) आणि त्याहूनही अधिक पारा असताना वाढणारे जिवाणू शोधले आणि 2003च्या सुमारास त्यावर निबंध प्रसिद्ध केले. इतक्या पाऱ्यात सामान्य जिवाणू तग धरत नाहीत. याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या मुखाकडील गाळात वाढलेल्या पाऱ्याचीही नोंद केली आहे. कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन करण्याच्या जुन्या पद्धतीत पारा विद्युत्‌ घटातील ऋणाग्र म्हणून वापरला जाई आणि तो सांडपाण्याबरोबर निसटत असे. आता त्या जागी पाऱ्याविना चालणारी पटलपद्धती आली आहे, पण गाळात उतरलेला पारा तेथेच आहे.

अशा खाडीत हे जिवाणू सोडले तर काय होईल? पारा वाफ होऊन हवेत जाईल. हवेत धातुरूप पारा काही महिने ते वर्षभर फिरत राहतो, तेथे त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण होते आणि पावसाबरोबर तो दुसऱ्या कोणाच्या तरी तळ्यात उतरतो. विषमुक्ती होते ती जिवाणूच्या पेशीची. तिला खाडीची विषमुक्ती म्हणता येत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात 1996 साली मेर-ए जनुकात बदल करून ते अॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात घालण्यात आले. ती रोपे पाऱ्यातही वाढली आणि पाऱ्याची वाफ सोडू लागली. प्रयोग यशस्वी झाला, तरी हीच शंका त्यावरही घेण्यात आली आणि माझ्या मते ती रास्त होती.

बंदिस्त जागेत मात्र चित्र पालटते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील संशोधकांनी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्याचे पारायुक्त सांडपाणी एका टाकीतून नेले. टाकीत सच्छिद्र दगडाच्या खड्यांवर पारारोधक स्यूडोमोनासचा थर वाढवलेला होता. जिवाणूंनी आयनांचा धातू केला, त्याचे बारीक गोळे त्या थरातच अडकून राहिले आणि उरलेला पारा पुढच्या सक्रिय कोळशाने धरला. येथे जिवाणूंचे काम तेच होते, पण पाऱ्याला पळायला जागा नव्हती आणि तो गोळा करता आला. हा उपाय नळीच्या तोंडाशी, म्हणजे कारखान्याच्या आवारात चालतो. मैलोन्‌मैल पसरलेल्या गाळाला तो लागू पडत नाही.

खाडीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कौलांचे उदाहरण मी वर्गात नक्की वापरणार आहे. वाचता वाचता आणखी एक प्रश्न पडला. माशांमधून माणसाला अपाय करतो तो मिथिल पारा, आणि तो जिवाणूच तयार करतात असे पाठ्यपुस्तकात आहे. जपानमधील मिनामाता उपसागरातही तेच घडले ना? मग जिवाणू एकीकडे विष तयार करतात आणि दुसरीकडे तेच मोडतात असे म्हणायचे का? आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यातील काही दाखवता येईल का?

पेशीपटल

होय ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या करणारे जिवाणू सहसा वेगळे असतात. मिथिल पारा तयार करणारे बहुतेक ऑक्सिजनविरहित गाळात राहतात. त्यांत सल्फेटवर जगणारे डिसल्फोव्हिब्रिओ, लोहावर जगणारे जिओबॅक्टर आणि मिथेन तयार करणारे काही सूक्ष्मजीव येतात. हे काम कोणती जनुके करतात हे कित्येक वर्षे कोडे होते. 2013 साली अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने ‘एचजीसी-ए’ आणि ‘एचजीसी-बी’ ही जनुकांची जोडी दाखवून दिली. त्यांपैकी कोणतेही एक काढून टाकले की मिथिल पारा तयार होणे थांबते. पाऱ्यापासून बचाव म्हणून ते हे करतात असे मात्र दिसत नाही, कारण ही जनुके असल्याने त्या जिवाणूंची पारा सोसण्याची ताकद वाढत नाही.

मिथिल पारा मोडण्याचे काम मेर समूहातील मेर-बी हे विकर करते. काही जिवाणूंकडे मेर-ए असते पण मेर-बी नसते. त्यांना केवळ आयनरूप पारा झेपतो. ज्यांच्याकडे दोन्ही असतात त्यांना सेंद्रिय पाराही पचवता येतो. मेर-बी कार्बन आणि पारा यांच्यातील बंध तोडते, कार्बनच्या बाजूला एक प्रोटॉन देते आणि मिथेन सुटा करते. मागे उरलेला पाऱ्याचा आयन ते मेर-एकडे सोपवते. हा बंध पाण्यात एरवी फार चिवट असतो, पण येथेही दोन सिस्टीन आणि त्यांच्या शेजारचे अॅस्पार्टिक आम्ल मिळून तो सैल करतात.

अडचण प्रमाणाची आहे. मेर व्यवस्था जागी होण्यासाठी पुरेसा पारा समोर यावा लागतो. साध्या तळ्यात किंवा समुद्रात तो फारच थोडा असतो आणि गाळातील सल्फाइडने बराचसा बांधून ठेवलेला असतो. त्यामुळे अतिप्रदूषित जागी मेर-बीने मिथिल पारा मोडण्याचा वेग चांगला असतो, तर कमी प्रदूषित जागी तो मंद असतो आणि मिथिल पारा साठत साठत माशांपर्यंत पोहोचतो. पाणी वरवर स्वच्छ दिसते म्हणून मासे सुरक्षित असतीलच असे नाही, यामागचे एक कारण हे आहे.

भरतीओहोटी

मिनामाताबद्दल एक दुरुस्ती सुचवतो, कारण ही चूक बऱ्याच पुस्तकांत झालेली दिसते. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात अॅसेटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई आणि त्या प्रक्रियेतच मिथिल पारा तयार होऊन सांडपाण्यातून उपसागरात जाई. जिवाणूंवर तो दोष टाकता येत नाही. ते मासे खाऊन झालेल्या पाराविषबाधेच्या रोगाची अधिकृत नोंद 1956 साली झाली आणि अॅसेटाल्डिहाइडचे उत्पादन 1968 पर्यंत चालू राहिले. त्या बारा वर्षांत ज्यांच्या ताटात तेथील मासे आले त्यांचा विचार केला की मन विषण्ण होते.

त्याच उपसागराच्या गाळातून पुढे बॅसिलस मेगाटेरियम ‘एमबी 1’ हा जिवाणू वेगळा करण्यात आला आणि त्याच्याकडे मेर-बीची एक नव्हे तर तीन जनुके आढळली. इतकी सामग्री असलेले जिवाणू जागेवर हजर असूनही तेथील गाळ आपोआप शुद्ध झाला नाही. 25 पीपीएमपेक्षा अधिक पारा असलेला, सुमारे पंधरा लाख घनमीटर गाळ 1977 ते 1990 या काळात यंत्रांनी उपसून आणि भराव घालून बंदिस्त करावा लागला. वर्तमानपत्राचे कात्रण आणणाऱ्या विद्यार्थ्याला हे अवश्य सांगावे.

अनंतमूळ

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. कनिष्ठ महाविद्यालयात मुलांच्या हातून पाऱ्याच्या क्षारांचा प्रयोग करून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मर्क्युरिक क्लोराइड अत्यंत विषारी आहे, प्रयोगात पाऱ्याची वाफ सुटते आणि उरलेले द्रावण मोरीत ओतता येत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या विभागात वायुशोषक कपाट आणि पाराकचऱ्याची व्यवस्था असेल, तर तेथील शिक्षकांना मुलांसमोर एक जुनी, पण अतिशय बोलकी चाचणी करून दाखवण्याची विनंती करावी. छोट्या खाचांच्या पट्टिकेत जिवाणू आणि पाऱ्याचे द्रावण घालतात, अंधाऱ्या खोलीत त्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवतात आणि काही वेळाने ती धुतात. ज्या खाचेतून पाऱ्याची वाफ उठली असेल तिच्या बरोबर वर फिल्मवर काळा ठिपका उमटतो, कारण ती वाफ फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर क्रिया करते. मेर-ए नसलेल्या जिवाणूच्या खाचेवर फिल्म कोरी राहते.

हे करताना पोषक द्रावणाकडे लक्ष द्यायला सांगावे. पेप्टोन आणि यीस्टचा अर्क यांत गंधकयुक्त रेणू भरपूर असतात आणि तेच पारा धरून ठेवतात. त्यामुळे साधा जिवाणूही मोठ्या मात्रेत टिकलेला दिसतो आणि पारारोधक असल्याचा भास होतो. आमच्या विभागात सुरुवातीला आम्ही याच चुकीने दोन महिने फसवे निष्कर्ष लिहीत होतो. द्रावण जितके साधे ठेवाल तितका फिल्मवरचा ठिपका विश्वासार्ह ठरेल.

खाडीकाठ

विद्यापीठातील विभागाला मी आजच विनंतीपत्र लिहिले आहे. तोपर्यंत वर्गात कौले हातोहात देण्याचा खेळ करून घेईन. प्रत्येक मुलाचे दोन हात म्हणजे सिस्टीनांची एक जोडी आणि लाकडी ठोकळा म्हणजे पारा. पुढच्याची पकड बसल्याशिवाय मागच्याने ठोकळा सोडायचा नाही, हा त्यातील एकमेव नियम असेल.